गाडीचा एसी मध्येच गरम हवा फेकतो, गॅस दरवर्षी भरावा लागतो: आमच्या गाडीत काय निघालं

कागलहून कोल्हापुरात घरी येताना हा खेळ रोजचा झाला होता. हायवेवर एसी बरा चालायचा. शाहू नाक्याला आत वळून सायबर चौकाच्या सिग्नलला गाडी थांबली, की जाळीतून येणारी हवा आधी कोमट आणि मग सरळ गरम. ब्लोअरचा जोर तेवढाच, आवाज तेवढाच, थंडावा तेवढा गायब. काचा खाली करायच्या, ओढणीने घाम पुसायचा आणि राजारामपुरीतली गर्दी पार करायची. रंकाळ्याजवळ घर येईतो कधीकधी एसी आपला आपण परत थंड. गॅरेजात नेला की हमखास थंड, मला खोटं पाडायला.

गाडी नऊ वर्षं जुनी, छोटी पेट्रोल हॅचबॅक. आधीची दोन वर्षं मार्च महिन्यात कूलिंग कमी झालं म्हणून नेली आणि दोन्ही वेळेला गॅस भरून आणली. अर्ध्या तासाचं काम, दीड हजाराच्या आसपास बिल आणि वर ‘आता बघायला नको’ हा दिलासा. यंदा मार्चमध्ये कूलिंग पुन्हा उतरलं आणि एप्रिलमध्ये हे मधूनच गरम होणं सुरू झालं. एका ठिकाणी नेहमीप्रमाणे गॅस सांगितला. दुसऱ्या, जरा झकपक ठिकाणी बॉनेट उघडून दोन मिनिटांत ‘कॉम्प्रेसर गेलाय’ म्हणाले आणि वीस हजारांचा आकडा कागदावर लिहून दिला. मीटर लावला नाही, गॅसचा दाब मोजायचा गेज लावला नाही. बोलत होते तेही माझ्या नवऱ्याकडे बघून. त्या बिचाऱ्याला पेट्रोलचं झाकण कुठल्या बाजूला आहे हेसुद्धा दरवेळी विचारावं लागतं.

मी फौंड्रीत क्वालिटीला आहे. दिवसभर जॉब, म्हणजे तयार झालेले भाग, मोजते. पाच शतांश मिलिमीटर जास्त निघालं तरी ट्रॉली परत पाठवते. आणि स्वतःच्या गाडीच्या बाबतीत दोन वर्षं ‘गॅस कमी झाला असंल’ या एका वाक्यावर पैसे देत होते. त्या वीस हजारांच्या कागदाने लाज वाटली, म्हणून वही घेतली.

घरी काय मोजता येतं

सोमवारी आम्हाला सुट्टी असते. पाकासाठी आणलेला दांडीचा डिजिटल थर्मामीटर मधल्या जाळीत खोचला. एसी पूर्ण थंडवर, हवा आतल्या आत फिरणाऱ्या बटणावर, ब्लोअर दोनवर. ऊन ३७ अंशांचं. दहा मिनिटांनी जाळीत १५ अंश. कागलच्या दिशेने जाऊन परत येईपर्यंत १४ ते १५. सिग्नलला आल्यावर १९, मग २६, मग ३४, आणि शेवटी ३९ वर जाऊन थांबला.

आकडे कागदावर उतरल्यावर एक गोष्ट दिसली, जी दोन वर्षं घाम पुसताना दिसली नव्हती. या दोन वेगवेगळ्या तक्रारी आहेत. चांगली चालतानाही हवा १५ अंशांची आहे, म्हणजे कूलिंग मुळातच उतरलंय. चांगल्या एसीने एवढ्या उन्हात चालत्या गाडीत ७ ते १० अंशांपर्यंत यायला हवं. आणि दुसरं म्हणजे तापल्यावर कूलिंग पूर्ण बंद पडतंय. गॅस कमी असला तर एसी सगळा वेळ अशक्त असतो. असा अचानक मान टाकून पुन्हा उठून बसण्याला बहुतेक वेळा दुसरं कारण असतं.

तिसरी गोष्ट या ३९ आकड्याने सांगितली. हवा बाहेरच्या हवेइतकीच किंवा दोन-चार अंश जास्त गरम येत असेल, तर थंड करणारी यंत्रणा थांबली आहे. पण आकडा ५०-५५ वर गेला, तर एसीला दोष देण्याआधी हीटरकडे बघा. डॅशबोर्डच्या आत इंजिनाच्या गरम पाण्याचा एक छोटा रेडिएटर असतो आणि त्याच्यापुढे एक झडप. ती झडप तापमानाच्या नॉबला केबलने किंवा छोट्या मोटरने जोडलेली असते. केबल क्लिपमधून निसटली की नॉब निळ्यावर आणि झडप लालवर. एसी बिचारा थंड करत असतो आणि हीटर त्यावर पाणी फिरवत असतो, तेही उकळतं. माझ्या दिरांच्या गाडीत हेच निघालं होतं. आठ रुपयांची क्लिप. मोटर असलेल्या गाडीत ती बिघडली की डॅशमागून टकटक आवाज येतो, किंवा ड्रायव्हरकडे थंड आणि शेजारी गरम असा पंक्तिभेद सुरू होतो.

मग बॉनेट उघडलं. मुलीला आत बसवून एसीचं बटण दाबायला लावलं आणि मी पुढे उभी राहिले, ओढणी काढून ठेवून आणि केस बांधून. हे गमतीने लिहीत नाही. पट्टा फिरत असतो आणि पुढचा पंखा कुठल्याही क्षणी सुरू होतो. बटण दाबल्यावर कॉम्प्रेसरकडून ‘टक’ असा आवाज यायला हवा. पट्ट्याची पुली तर इंजिनाबरोबर सतत फिरतेच; तिच्यापुढची चकती, म्हणजे क्लच प्लेट, एसी लावल्यावरच फिरायला लागते. त्याच वेळी पुढचा पंखा सुरू व्हायला हवा. इंजिन बंद केल्यावर एसीच्या दोन नळ्यांना हात लावून बघता येतो: जाड नळी गार आणि घामेजलेली हवी, बारीक नळी गरम. बारीक नळी चटका देण्याइतकी तापलेली असू शकते, तेव्हा आधी हात जवळ नेऊन अंदाज घ्या. आमच्याकडे टक वाजत होता, पंखा फिरत होता, जाड नळी कोमटच्या जरा खाली. गाडीखाली एरवी पाण्याचं थारोळं व्हायचं, तिथे चार थेंब.

‘गॅस काय पेट्रोल हाय व्हय?’

कंपनीतल्या एका सहकाऱ्याने उद्यमनगरातल्या मिस्त्रींचा पत्ता दिला. पत्र्याचं शेड, त्यात दीड गाडी मावेल एवढी जागा, भिंतीवर पट्टे टांगलेले. मी सगळे आकडे वाचून दाखवले. त्यांनी वही हातात घेऊन पुन्हा वाचली आणि म्हणाले, “ताई, दोन वर्सं गॅस भरला म्हणता. गॅस काय पेट्रोल हाय व्हय संपायला?”

मुद्दा तोच होता. एसीचा गॅस जळत नाही, वापरला जात नाही. बंद नळ्यांतून तो फिरत राहतो: कॉम्प्रेसर त्याला दाबतो, पुढच्या जाळीत म्हणजे कंडेन्सरमध्ये तो उष्णता बाहेर टाकून द्रव होतो, एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक भोकातून सुटून डॅशमागच्या कूलिंग कॉइलमध्ये उकळतो आणि उकळताना गाडीतली उष्णता ओढून घेतो. आमच्या गाडीतला आर-१३४ए नावाचा गॅस उघड्या हवेत उणे २६ अंशांनाच उकळतो, यावरून त्याची ताकद कळेल. रबरी होसमधून आणि कॉम्प्रेसरच्या शाफ्ट सीलमधून वर्षाला थोडासा गॅस झिरपतो, त्याला इलाज नाही. पण दर मार्चला गाडी गॅरेजात न्यावी लागत असेल, तर कुठेतरी भोक आहे. भोक न शोधता गॅस भरणं म्हणजे फुटक्या घागरीने पाणी भरणं.

मी विचारलं, “मामा, पण मागच्या वेळी गेज लावून गॅस कमी आहे असं दाखवलं होतं.” त्यावर त्यांनी जे सांगितलं ते मला कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. गाडी बंद आणि थंड असताना गेज लावला, तर दोन्ही काटे (एक कमी दाबाच्या बाजूचा, एक जास्त दाबाच्या) सारखाच आकडा दाखवतात, आणि तो आकडा गॅस किती आहे यावर नाही, हवा किती गरम आहे यावर ठरतो. सकाळच्या २८ अंशांत आर-१३४एचा दाब ९० पीएसआयच्या (हे दाब मोजायचं एकक) आसपास, ३५ अंशांत ११०-११५. आत थोडाजरी द्रव गॅस शिल्लक असला तरी हाच आकडा येणार. घरातला सिलिंडर निम्मा झाला म्हणून शेगडीची ज्योत निम्मी होते का? तसंच हे. सिलिंडर किती भरलाय ते वजन करून कळतं. गाडीतलाही तसाच. बंद गाडीत काटा ३०-४० वर पडलेला असेल तर मात्र समजायचं, आत जवळजवळ काहीच उरलेलं नाही.

त्यांनी रिकव्हरी मशीन लावून आतला गॅस काढून तोलला. बॉनेटखालच्या स्टिकरवर ३५० ग्रॅम लिहिलेलं. निघाला २१० ग्रॅम. तेरा महिन्यांत १४० ग्रॅम गेला होता.

गळती कुठे होती

आता जे सांगते ते ऐकून मी शेडमध्ये मोठ्याने हसले होते.

मिस्त्रींनी नळ्यांत नायट्रोजन भरला, दहा बारच्या आसपास. कंडेन्सरचे कोपरे, नळ्यांचे सांधे, कॉम्प्रेसरचं तोंड, सगळीकडे साबणाचं पाणी ब्रशने लावलं. गळतीच्या जागी गॅसबरोबर थोडं तेलही बाहेर येतं आणि त्यावर धूळ बसून काळपट ओलसर डाग पडतो, म्हणून आधी टॉर्च घेऊन डाग शोधले. काहीच नाही. गेजचा काटाही वीस मिनिटं जागचा हलला नाही. मी म्हटलं, म्हणजे आता डॅश खोलायचा? कूलिंग कॉइल गळत असली की अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. माझ्या पोटात गोळा आला होता.

मिस्त्रींनी गेजचे पाइप काढून घेतले. ज्या तोंडातून गॅस भरतात ते सर्व्हिस पोर्ट मोकळं झालं, त्यात साबणाच्या पाण्याचे दोन थेंब सोडले आणि ते बिडी न पेटवता तोंडात धरून बसले. जवळजवळ मिनिटभर काही नाही. मग मधल्या पिनेच्या कडेला एक बुडबुडा आला, मोहरीएवढा. तो ज्वारीएवढा झाला, फुटला आणि त्याच जागी दुसरा सुरू झाला.

सायकलच्या ट्यूबला असते तशी त्या पोर्टमध्ये एक पिन असते. गेजचा पाइप लावला की ती दाबली जाते आणि पाइपच तोंड बंद करून बसतो, त्यामुळे गेज लावलेला असताना तिथली गळती दिसूच शकत नाही. पाइप काढला, गाडी घरी गेली, की गळती सुरू. वर आमच्या पोर्टचं प्लॅस्टिकचं झाकण गायब होतं. आतल्या रबरी रिंगेमुळे ते झाकणही थोडीफार गळती अडवतं, धूळ तर अडवतंच. आधी कुणीतरी गॅस भरताना काढून बाजूला ठेवलं असेल आणि तिथेच राहिलं असेल. म्हणजे ज्या तोंडातून मी दरवर्षी गॅस भरून घेत होते, त्याच तोंडातून तो वर्षभर जात होता.

पिन आणि दोन्ही झाकणं मिळून दीडशे रुपये.

गळती शोधायचे आणखी मार्ग आहेत: हिरवट चमकणारा रंग (डाय) गॅसमध्ये घालून निळ्या टॉर्चने बघणं, किंवा वास घेतल्यासारखा फिरवायचा इलेक्ट्रॉनिक डिटेक्टर. कूलिंग कॉइलची शंका असेल तर डिटेक्टरचं तोंड पाणी निथळायच्या नळीपाशी धरतात. कुणी ज्योत घेऊन गळती शोधायला लागलं तर मात्र गाडी तिथून काढा. हा गॅस ज्योतीत सापडला की विषारी वायू तयार होतात. स्वस्तातला, नाव नसलेल्या डब्यातला गॅसही नको. त्यात कधीकधी स्वयंपाकाच्या गॅसच्या भाऊबंदातलं काहीतरी असतं आणि ते पेट घेतं. नव्या काही गाड्यांत आर-१२३४वायएफ हा वेगळा गॅस असतो, त्यात आर-१३४ए मिसळायचा नाही. स्टिकर वाचला की कळतं.

दुसरा दोष, आणि वीस हजारांचा कॉम्प्रेसर

गळती सापडली तरी सिग्नलवरचं कोडं सुटलं नव्हतं. खरं तर मिस्त्रींनी गॅस काढण्याआधी तेच तपासून घेतलं होतं. मी इथे मागेपुढे सांगतेय. गाडी उन्हात उभी करून, एसी लावून, इंजिन चालू ठेवून आम्ही वाट बघत बसलो. दोन्ही गेज लावलेले. चहा झाला. पस्तीस-चाळीस मिनिटं गेली आणि मुलगी आतून ओरडली, “आई, गरम!”

गेजवर बघितलं तर कमी दाबाचा काटा वर चढत होता, जास्त दाबाचा खाली उतरत होता, आणि दोन्ही ११० च्या आसपास येऊन शेजारी शेजारी थांबले. कॉम्प्रेसर दाब तयार करत नाहीये याचा हा पुरावा. पण का करत नाहीये? बॉनेटमध्ये बघितलं तर पुली गरगर फिरतेय आणि पुढची चकती जागच्या जागी स्वस्थ. मिस्त्रींनी क्लचच्या वायरला मल्टीमीटर लावला: १३.६ व्होल्ट. वीज पोचतेय, चकती खेचली जात नाही. त्यांनी लाकडी दांडक्याच्या टोकाने चकतीला हलकेच टेकवलं. टक. चकती चिकटली, फिरायला लागली, काटे दोन दिशांना पळाले आणि जाळीतली हवा मिनिटभरात गार. (हा दांडक्याचा प्रयोग घरी करायचा नाही. पट्टा दांडकंही ओढतो आणि हातही.)

“कॉम्प्रेसर झकास हाय,” मिस्त्री म्हणाले, “गॅप वाढलाय.”

क्लच म्हणजे एक विद्युतचुंबक. एसी लावला की तो चकतीला पुलीकडे ओढतो. चकती आणि पुली यांच्यात मोकळ्या वेळी एक बारीक फट असते. पुष्कळ गाड्यांत ती ०.३ ते ०.६ मिमीच्या आसपास ठेवतात, नेमका आकडा त्या त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो. वर्षानुवर्षं चिकटून-सुटून दोन्ही पृष्ठभाग झिजतात आणि फट वाढत जाते. थंड असताना चुंबकाला तेवढी फट ओलांडायला जमतं. इंजिनाच्या उष्णतेने चुंबकाची कॉइल तापली की तांब्याचा रोध वाढतो. आमच्या कॉइलचा रोध थंड असताना ३.६ ओहम आला. म्हणजे साधारण पावणेचार अँपिअर. कॉइल १०० अंशांना पोचली की तोच रोध ४.६ च्या पुढे जातो आणि करंट तीन अँपिअरच्या आत येतो. चुंबकाची ताकद घटली, फट मात्र तेवढीच. आता उडी पोचत नाही.

हायवेवर का चालायचा, तेही यातच आहे. चकती एकदा चिकटली की फट शून्य होते आणि कमी करंटमध्येही ती धरून राहते. शिवाय वाऱ्याने सगळं गार राहतं. सिग्नलला उष्णता साठते, एसी क्षणभर आपणहून सुटतो, तसा तो नेहमीच सुटत असतो, आणि पुन्हा चिकटायची वेळ आली की चुंबक हरतो. घरी पोचेपर्यंत जरा निवलं की परत टक. गॅरेजपर्यंत गाडी जायची ती सकाळच्या थंड वेळी, म्हणून तिथे शहाण्यासारखी वागायची.

फट मोजायला त्यांनी फीलर गेज, म्हणजे ठरावीक जाडीच्या पात्यांचा जुडगा, काढला आणि मी म्हटलं, मामा, द्या इकडं. हे काम मी रोज करते. इंजिन बंद, चावी खिशात. ०.६ ची पाती सैल गेली, ०.८ ची गेली, ०.८५ ची घासत गेली, ०.९ अडली. तीन ठिकाणी मोजलं, तिन्हीकडे तेच. मिस्त्रींनी चकतीचा मधला नट सोडवला, चकती बाहेर ओढली आणि शाफ्टवरच्या दोन बारीक वॉशरपैकी, म्हणजे शिमपैकी, एक काढली. परत बसवून मोजलं: ०.४५. एसी बंद असताना चकती कुठे घासत नाही ना, हे हाताने फिरवून बघितलं. मजुरी सहाशे रुपये. शिम शिल्लकच नसती किंवा पृष्ठभाग खरवडलेला असता, तर क्लचचा सेट बदलावा लागला असता. तोही कॉम्प्रेसरपेक्षा पुष्कळ स्वस्त.

सगळ्या गाड्यांत मात्र असा क्लच नसतो. काही गाड्यांत चकती कायम फिरत असते आणि आतला कंट्रोल व्हॉल्व्ह कॉम्प्रेसरचा जोर कमी-जास्त करतो. तिथे टक ऐकू येणारच नाही, म्हणून घाबरू नका. हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाडीत कॉम्प्रेसर मोठ्या व्होल्टेजवर चालतो आणि त्याचं तेलही वेगळं असतं. तिथे गल्लीत बॉनेट उघडून प्रयोग करायचे नाहीत.

गॅस भरायची पद्धत

पिन बदलल्यावर व्हॅक्युम पंप लावला, पाऊण तास. नळ्यांत हवा राहिली तर दाब विनाकारण वाढतो, आणि पाण्याचा अंश राहिला तर तो एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या भोकात गोठून बसतो आणि एसी मधूनच बंद पडतो. पुन्हा वितळला की सुरू. हे दुखणं आमच्यासारखंच दिसतं, पण त्यात कमी दाबाच्या बाजूचा काटा शून्याकडे किंवा त्याच्याही खाली जातो.

मी गेजकडे बघत होते. काटा व्हॅक्युमच्या २८ इंचांवर (पाऱ्याच्या इंचांत मोजतात) येऊन थांबला. पुस्तकात तर २९-३० लिहिलेलं असतं! मला वाटलं आणखी एक गळती. मिस्त्री म्हणाले, “आपल्याकडं अठ्ठावीसच्या वर जात न्हाई, पंप नवा आणला तरी.” घरी येऊन हिशोब केला. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच. इथे हवेचाच दाब जवळपास २८ इंच पाऱ्याएवढा आहे, मग गेज त्याहून खाली कसा जाणार? माणूस शाळा किती शिकलाय माहीत नाही, पण बरोबर होता. बघायचं ते असं: पंप बंद करून वाल्व मिटल्यावर काटा पंधरा-वीस मिनिटं तिथेच उभा राहतो की परत येतो. आमचा उभा राहिला.

मग डबा डिजिटल काट्यावर ठेवून ३५० ग्रॅम मोजून भरला. गेजकडे बघत अंदाजाने भरलेला गॅस जास्तही होऊ शकतो, आणि जास्त गॅसनेही कूलिंग कमीच होतं. जुन्या काळी काचेतले बुडबुडे बघून भरायचे. आर-१३४एला ती पद्धत भरवशाची नाही. गळतीबरोबर गेलेल्या तेलाच्या बदल्यात थोडं पीएजी, म्हणजे कॉम्प्रेसरचं, तेल घातलं. वर्षानुवर्षं नुसता गॅस भरत राहिलं की तेल कमी होत जातं आणि मग कॉम्प्रेसर खरोखरच जातो. तो जाताना धातूचा चुरा कंडेन्सरभर पसरवतो, आणि आजकालच्या कंडेन्सरच्या चपट्या नळ्यांतून तो चुरा धुऊन काढता येत नाही. म्हणजे दोन्ही बदलायचे.

तुमच्या गाडीत वेगळं असेल तर

चालताना थंड आणि थांबल्यावर गरम, एवढंच लक्षण असेल तर क्लचच्याही आधी पुढचा पंखा बघा. हे सगळ्यात जास्त वेळा निघतं. पंखा बंद असला की गेजवर जास्त दाबाचा काटा ३०० च्या पुढे धावतो आणि दाबावर लक्ष ठेवणारा प्रेशर स्विच कॉम्प्रेसर बंद करतो. सोपी परीक्षा म्हणजे पुढच्या जाळीवर बाटलीने पाणी शिंपडायचं. लगेच कूलिंग सुधारलं तर पंखा किंवा जाळी यांतच दोष. पंख्याचा रिले (वीज जोडणारा-तोडणारा छोटा स्विच) आणि हॉर्नचा रिले पुष्कळदा एकाच नंबरचे असतात. अदलाबदल करून बघता येते: पंखा सुरू झाला आणि हॉर्न मुका झाला, की रिले गेला.

पंखा ठीक असेल तर कंडेन्सर साफ आहे का बघा. आपल्याकडे गळीत हंगामात उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांमागून गाडी चालवणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. पाचटाचे तुकडे, हायवेच्या कामाची धूळ, त्यावर वळवाचा पाऊस, आणि मे महिन्यात जाळीच्या पुढे चक्क गिलावा झालेला असतो. बागेच्या पाइपने हळू पाणी सोडून धुवायचं. वॉशिंग सेंटरचा जेट जवळून मारला की पातळ पाकळ्या दुमडतात आणि होती तीही हवा बंद होते.

लांबच्या प्रवासात तासाभराने हवेचा जोरच कमी होत गेला आणि मग कूलिंग गेलं, तर कूलिंग कॉइलवर बर्फ धरलाय. एसी बंद करून नुसता ब्लोअर दहा-पंधरा मिनिटं चालवा. गाडीखाली भरपूर पाणी पडेल आणि हवा परत येईल. आत येणारी हवा गाळणारा केबिन फिल्टर बदला. तरी पुन्हा झालं तर कॉइलजवळचा तापमान सेन्सर. आमच्या शेजारच्यांचा केबिन फिल्टर काढला तर त्यात उंदराने भुईमुगाच्या शेंगांचं कोठार केलेलं. टरफलं आणि दाणे वेगवेगळे.

टक अजिबात वाजत नसेल आणि क्लचला वीजही पोचत नसेल, तर फ्यूज, रिले, प्रेशर स्विचची वायर या क्रमाने. गॅस फारच कमी झाला की प्रेशर स्विच स्वतःहून कॉम्प्रेसर लावू देत नाही, तो त्याचा गुण आहे. स्विचला वायरचा तुकडा घालून ‘डायरेक्ट’ करून देणारे भेटतात. त्यांना हात जोडा आणि निघा. २०१९ किंवा २०२१ च्या पुरात उभी राहिलेली गाडी घेतली असेल, तर या सगळ्या कनेक्टरांचे पाय हिरवे पडलेत का ते आधी बघा.

आमचं एकूण बिल गॅस, नायट्रोजन, पिन, तेल आणि मजुरी धरून साडेतीन हजारांच्या आत आलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी थर्मामीटर पुन्हा खोचून कागलहून निघाले. हायवेवर ८. सायबर चौकाला दोन सिग्नल अडकले, तेव्हा ११. नवरा शेजारी बसला होता, म्हणाला काच खाली करू का, जरा गारठतंय.

काढलेली शिम कंपनीत नेऊन मायक्रोमीटरने मोजली. ०.४० मिमी. ती आता गाडीच्या कागदपत्रांबरोबर ठेवली आहे, त्या वीस हजारांच्या कागदाला टाचून.